तांबड्या टोपीची सुई

सुलाबाईला मानसांची नावं ध्यानात ऱ्हायची न्हाईत, पन मेंढराचा रंग एकदा बगितला की जलमभर इसरायची न्हाई. पोटाला राखी कंचं, कानापाठी पांडरा ठिपका कंचं, काळ्यातलं बी आगदी कोळशावानी काळं कंचं, सगळं पाठ. आटपाडीच्या अंगाला तिचं गाव. तिकडं पाऊस नावालाच, म्हनून निम्मं वरीस कळप घिऊन खाली किस्नाकाठाला जायचं, कुंडलच्या बागायतदारांच्या रानात मेंढरं बसवायची, खताच्या बदली जुंदळं घ्यायचं आन् परत माळाला यायचं. आसं तिचं सगळं तरुनपन गेलं.

नवरा गेल्यावर तिनं मेंढरं इकली आन् चार शेरडं ठिवली. पन हात काय काम इसरला न्हाई. कुनाच्या जनावराला लस टोचायची झाली की आजून बी तिलाच बोलवनं यायचं. कातडी चिमटीत धरायची, सुई तिरकी घालायची, आन् जनावराला कळायच्या आदी मोकळं सोडायचं. सुलाकाकीची सुई लागत न्हाई, आसं समदं गाव म्हनायचं.

त्याच हातापायी नात तिच्यापाशी ऱ्हायली.

ल्योक अमृत आन् सून मंगल कोइमतूरला आसत्यात. तितं अमृतचं गलाईचं दुकान हाय, म्हंजी सोनारांचं जुनं सोनं वितळवायचं आन् शुद्ध करून द्यायचं. त्या भागातली निम्मी पोरं ह्याच धंद्यात परमुलखाला गेल्यात. त्यांची पोरगी रेश्मा. आठ-नऊ वर्साची आसताना सुट्टीला गावी आली आन् वाळाय लागली. तांब्याच्या तांबं पानी प्यायची, सारकी मोरीकडं पळायची, आन् जेवून उटली की परत भूक. सांगलीला इश्रामबागेत डाक्टरकडं न्हेली तर तो म्हनला, साखर हाय.

सुलाबाई म्हनली, म्हाताऱ्याचा आजार लेकराला कसा काय? शेजारच्या कोंडीबाला साखर हाय, पन तो साठीचा गडी, रोज गोळी खातो आन् वर जिलबी बी खातो. डाक्टरनं सांगिटलं की ही निराळी. अंगात साखर जाळायचं जे औशीद आपोआप तयार हुतं, ते हिच्या अंगात तयार व्हायचं थांबलंय. गोळी चालायची न्हाई. सकाळ-सांज सुई, जलमभर. कुनाच्या हातनं काय चुकलं न्हाई, काय खाल्ल्यानं झालं न्हाई. सुलाबाईनं सगळं आईकलं, मान हलवली, आन् तिला त्यातलं 'सुई' येवडंच कळलं.

दवाखान्यातली सिस्टर मंगलला शिकवाय बसली. मंगल म्हंजी दिसभर भट्टीपुढं हुबी ऱ्हानारी बाई, पन लेकीच्या अंगात सुई घालायची म्हनल्यावर तिला जमंना. सुईसगट ती खालीच बसली. सुलाबाई कोपऱ्यात घोंगड्यावर बसली हुती. ती उटली, सुई घेतली, पोरीच्या पोटाची चिमट धरली.

रेश्मा डोळं गच्च मिटून म्हनली, "टोच की आज्जे लवकर."

"टोचून झालं," सुलाबाई म्हनली.

तितनं फुडं रेश्मा आज्जीपाशी गावच्या शाळंत, आन् आई-बाप कोइमतूरला, आसं ठरलं. मंगल जाताना रडली. पन त्यात निम्मं रडं लेक सोडायचं हुतं आन् निम्मं सासूला जमलं ते आपल्याला जमलं न्हाई ह्याचं हुतं, हे सुलाबाईला कळत हुतं.

सिस्टरनं दोनच गोष्टी घोकून घेतल्या हुत्या. सुई लाल टोपीची, आन् औशीद दहाच्या रेघंपतूर. सुलाबाईनं यश्टीत बसल्यापास्नं घरला पोचंपतूर ते घोकलं. फकस्त घोकता घोकता लालचं तांबडं झालं. तिच्या तोंडात लाल हा शबूदच न्हवता. कुकू तांबडं, वीट तांबडी, माती तांबडी, पिकली मिरची तांबडी, आन् सकाळच्या पारी फुटतंय ते बी तांबडं. आटपाडीचा मेडिकलवाला तिला वळखत हुता. ती दुकानापुढं हुबी ऱ्हायली की तो न बोलता पाकीट काढून द्यायचा. त्यामुळं त्या शबदाचं कुनाला काय आडलं न्हाई.

बाकीचा संसार मातूर लय घोटाळ्याचा. सकाळी उटून बोटाला टोचायचं, थेंब मशीनला लावायचा, रेश्मानं आकडा वाचायचा. मग सुई. मग मोजून भाकरी. दिवसभर गूळ बंद, साखर बंद, आन् दुपारी पोरगी खेळून आली, घामानं भिजली, काय बाय बडबडाय लागली, की पळत जाऊन तिच्या तोंडात साखरच घालायची. पयल्यांदा तसं झालं तवा कोंडीबा वट्ट्यावर बसला हुता. साखर कमी झाली म्हनल्यावर तो म्हनला, झ्याक झालं की, आता बरी हुनार पोरगी. सुलाबाईला बी क्षनभर तसंच वाटलं. कमी झाली तर बरंच की. पन सिस्टरनं सांगिटलं हुतं, जास्त झाली तर वंगाळ, कमी झाली तर आजून वंगाळ, एकदम. म्हनून दप्तरात साखरंची पुडी कायम ठिवलेली. हे इख हाय का औशीद हाय, ह्याचा सुलाबाईला कवा पत्त्या लागला न्हाई. ती नुसतं सांगितल्यापरमानं करत गेली आन् दोन वर्सं सुखात गेली.

मग एकदा आटपाडीत सुया मिळंनात. माल याचाय म्हनायचा दुकानदार. त्यायेळी कृष्णात, दोन घरं सोडून ऱ्हातोय तो, जीप घिऊन इश्रामबागेत निगाला हुता. त्याच्या पोराचं कॉलेजात कायतरी काम हुतं. सुलाबाई म्हनली, येताना सुया आन. डाक्टरचा कागद घरातच ऱ्हायला. तितल्या दुकानदारानं कृष्णातफुडं दोन पाकिटं ठिवली आन् लाल पायजे का केशरी, आसं इच्यारलं. कृष्णातनं फोन लावला.

"काकी, टोपी कसली पायजे?"

"तांबडी रं. दुसरी आनू नगंस."

कृष्णात शिकलेला गडी, धाव्वीपतूर. त्यानं इच्यार केला, लाल पायजे आसती तर काकी लाल म्हनली आसती. तांबडी म्हनली, म्हंजी लाल न्हवं. आन् दुसरं पाकीट खरंच माळाच्या मातीवानी दिसत हुतं. त्यानं छातीठोकपनं सांगिटलं, लाल नगं, तांबडी द्या. आन् केशरी टोपीच्या सुया घिऊन आला.

सुलाबाईनं पाकीट फोडलं. टोपीचा रंग वाईच उतरल्यावानी वाटला. पन आता हळदीत रंग ऱ्हायला न्हाई, कुकवात ऱ्हायला न्हाई, तर सुईच्या टोपीत कुटनं आसनार. तांबडी हाय न्हवं, झालं. तिनं बाटलीतनं औशीद वडलं आन् उजेडाकडं धरलं.

"आगं, वाईच दिसतंय की औशीद."

रेश्मानं वाचलं. "दहावर हाय, आज्जे. बराबर दहावर."

दहा म्हंजी दहा. शाळा शिकलेली पोरगी वाचत हुती, त्यावर सुलाबाई काय बोलनार. तिनं टोचलं.

तितनं सगळं उलटं फिरलं. मशीनवरचा आकडा रोज चढाय लागला. रेश्मा परत पानी पानी करू लागली, शाळंतनं आली की दप्तरासगट भुईवर आडवी व्हायची. सुलाबाईनं भाकरी कमी केली, तरी आकडा वरच. तिला वाटलं, लाईट सारकी जातीय तर फ्रीजमदी औशीद नासलं आसंल. म्हनून नवी बाटली आनली, तरी तेच. मग कुनाची नदर लागली म्हनून मीठ-मिरची उतरून टाकली. मिरची तडतडली, आकडा काय उतरला न्हाई.

फकस्त एक चांगलं झालं हुतं. औशीदाची बाटली सरंचना. पयली ज्या येळंला रिकामी व्हायची त्या येळंला ही निम्मी बी झाली न्हवती. सुलाबाईनं बिरोबाला हात जोडलं. एवड्या सगळ्या तरासात देवानं एक तरी बरकत दिली म्हनली.

आन् मग तिला गुळाची ढेप दिसली. फडताळात फडक्यात गुंडाळून ठिवलेली, तर एका अंगानं टोकरलेली. तिनं रेश्माला फुड्यात बसवलं. पोरगी म्हनली, मी न्हाई खाल्ला. सुलाबाईनं परत इच्यारलं, मायेनं इच्यारलं, दरडावून इच्यारलं. पोरगी तेच म्हनत ऱ्हायली. मग दप्तर बगितलं तर साखरंची पुडी बी रिकामी. रेश्मा म्हनली, पुडीला मुंग्या लागल्या, म्हनून फेकली. आता म्हातारीनं काय समजायचं? डोळं म्हनत्यात पोरगी खोटं बोलतीय. पन ह्या पोरीनं आजवर खोटं बोललेलं तिला ठावं न्हवतं.

कोंडीबानं कारल्याचा रस सांगिटला. सुलाबाई रोज सकाळी कारलं ठेचून, पिळून, पेलाभर हिरवं पानी पोरीफुडं धराय लागली. रेश्मा नाक दाबून प्यायची, पेला पालता घालून दावायची, आन् शाळंला जायची. तक्रार न्हाई, का रडनं न्हाई. ते बगून सुलाबाईला आजूनच कळंना. चोरून गूळ खानारी पोरगी एवडं कडू गुमान कशी पील?

फोनवर मंगलनं लेकीचा आवाज आईकला आन् त्याच सांजंला गाडीत बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी घरात पाय ठिवला तवा रेश्मा भितीला टेकून बसली हुती. गालफडं बसलेली. नुकतंच तिनं उलटी काढली हुती, आन् तिच्या तोंडाला पिकल्या फळावानी वास येत हुता. सुलाबाई तिच्या बोटाचा थेंब मशीनला लावत हुती.

"किती हाय?" सुलाबाईनं इच्यारलं.

रेश्मा मशीनकडं बगत ऱ्हायली. "हाय."

"आगं हाय, पन किती हाय?"

"आकडाच न्हाई आज्जे. नुसतं हाय आलंय. इंग्रजीतलं. शाळंत एकमेकीला भेटल्यावर म्हनत्यात तसलं."

सुलाबाईनं मशीन हातात घेतलं, फिरवून बगितलं. "म्हंजी ते तुला रामराम घालतंय व्हय?"

मंगलनं मशीन हिसकावून घेतलं. ती कोइमतूरला चार ठिकानच्या मानसांत वावरलेली, तिला उमगलं. हाय म्हंजी लय वर. येवडी वर की मशीनला मोजायला आकडा पुरंना. तिनं कृष्णातला जीप काढाय सांगिटली. मग पोरीचे कपडे पिशवीत भराय लागली आन् पाठ तिकडंच ठिवून बोलली.

"आत्ती, हितनं डाक्टरकडं, आन् बरं वाटलं की तसंच मिरजंतनं गाडीला. मी रेश्माला न्हेती."

"परीक्षा हाय तिची."

"परीक्षेचं बगू. तुमी माया करताय, मला कळतंय. पन मायेनं गूळ दिला तर पोरगी ऱ्हायची न्हाई."

"म्या गूळ दिला?"

"तुमी दिला न्हाई तर तिनं घेतला, आन् तुमचं ध्यान न्हवतं. कायतर एक हायच की."

सुलाबाईच्या तोंडापतूर आलं हुतं की तितं सुई कोन टोचनार, तू? पन ती गिळून बसली. कारन सून म्हनती ते खोटं हाय, आसं तरी कशावरनं म्हनायचं? औशीद रोज दिलं, येळंवर दिलं, दहावर दिलं. तरी पोरगी डोळ्यादेखत वाळली. म्हंजी आपलं चुकलंच आसनार. फकस्त काय चुकलं ते कुनी सांगंना. ती उटली आन् फ्रीजमदनं बाटली, सुयांचं पाकीट आनून मंगलच्या म्होरं ठिवलं. दोन वर्सांत पयल्यांदा ते तिच्या हातातनं सुटलं.

मंगलनं गडबडीत पिशवी उचलली तर तिचा बंद तुटला. जीप आजून आली न्हवती. सुलाबाईनं कोनाड्यातलं दाभन काढून दिलं, गोधडी शिवायचं मोटं दाभन. लेकराला टोचू ने म्हनून त्याच्या टोकाला तिनं कवातरी एक जुनी सुईची टोपी बसवलेली. मंगलनं टोपी काढली आन् खाली ठिवली. नेमकी ती पाकिटातल्या सुयांच्या शेजारी पडली.

मंगल दोरा ववायचं इसरली.

"आत्ती, ही टोपी कुटली?"

"सुईचीच की. आदीच्या पाकिटातली."

"ही लाल हाय. आन् ह्या केशरी."

सुलाबाईनं वाकून बगितलं. एकदा हिकडं, एकदा तिकडं. "दोनी तांबडीच हायत की गं."

"न्हाईत आत्ती. आमच्या दुकानात ॲसिडच्या बाटल्या टोपीवरनंच वळखायच्या आसत्यात. एकीची टोपी दुसरीला बसली की घात. टोपी उगंच येगळी करत न्हाईत."

मंगलनं दवाखान्यात सिस्टरला फोन लावला. सिस्टर म्हनली, बाटलीवर काय आकडा हाय ते वाचा. रेश्मानं बसल्या जागंवरनं वाचलं, चाळीस. सुईवर काय हाय? शंबर. मग सिस्टर म्हनली, घरी मनानं काही वाढवून देऊ नका, तशाच निघा, पोरीला पाणी पाजत आणा.

जीप निगाली. कृष्णातला आपल्या हातनं काय झालं ते भिवघाट उतरताना कळलं. त्यानं गाडी चालवता चालवता दोनदा म्हनलं, काकी, तुमीच तांबडी म्हनलासा. सुलाबाई म्हनली, व्हय रं, तांबडीच म्हनलं. त्यात चूक कुनाची, हे दोघांस्नी बी ठरवता यीना.

दवाखान्यात रेश्माला सलाईन लावलं, सुईचं औशीद नळीतनं हळूहळू चालू केलं. डाक्टर म्हनला, आजून एक-दोन दिस काढला आसता तर आवघड हुतं. आता धोका टळंल. सुलाबाई खाटंच्या पायथ्याला बसली. सिस्टर मोकळी झाल्यावर तिनं तिला धरलं.

"बाई, त्या सुईवर बी दहा लिवलंय, ह्या सुईवर बी दहाच. मग दहा म्हंजी किती?"

सिस्टरनं समजावलं. औषध दोन जातीचं येतं आजी, एक पातळ, एक दाट. तुमची बाटली पातळाची, चाळीस आकड्याची. तिला लाल टोपीची सुई. केशरी टोपी दाट औषधाची, शंभर आकड्याची. दाट थोडंसंच लागतं, म्हणून तिच्या दहाच्या रेघेला थोडंसंच येतं. सुलाबाई मान हलवत ऱ्हायली, आन् तिच्या तोंडाकडं बगूनच सिस्टरला कळलं की डोक्यात काय शिरलं न्हाई. मग तिनं दोन सुया घेतल्या, दोनीत दहाच्या रेघंपतूर पानी भरलं आन् म्हातारीच्या हातात दिल्या. एकीत पाव नळी पानी. दुसरीत वाईच, बूड भिजल्यावानी.

सुलाबाई लय येळ दोनी सुया उजेडाला धरून बसली. तिच्या हाताला आटवलं. वाईच दिसतंय की, आसं ती पयल्याच दिवशी म्हनली हुती. आन् बाटली सरत न्हवती ती बरकत न्हवती, लेकराच्या अंगात जायचं औशीद बाटलीत ऱ्हात हुतं. तेवडं तिला कळलं. दहाचं गनित मातूर काय कळलं न्हाई ते न्हाईच.

सांजंला रेश्मानं डोळं उगडलं, भूक लागली म्हनली. सुलाबाई तिच्या उशाला सरकली.

"गूळ तू खाल्ला न्हवतास."

"न्हाई."

"मग कारलं कशापायी पीत हुतीस गं, गुमान?"

"तू देत हुतीस म्हनून."

सुलाबाईनं पदर तोंडाला लावला. खिडकीपाशी हुबी आसलेली मंगल तिकडंच तोंड करून हुबी ऱ्हायली.

फुडची सुई मंगलनं मागून घेतली. लाल टोपी काढली, बाटलीवरचा चाळीस बगितला, सुईवरचा चाळीस बगितला, औशीद वडलं. दोनदा सुई पोटापाशी न्हिऊन माघारी घेतली. सुलाबाईला लय वाटलं की हात पुढं करावा, पन ती आपल्या मांडीखाली हात दाबून बसली. मंगलनं पोटाची चिमट धरली आन् टोचलं.

"लागलं?" मंगलनं इच्यारलं.

"लय लागलं," रेश्मा म्हनली. "आज्जीचं लागत न्हाई."

"शिकंल ती," सुलाबाई म्हनली. "मेंढरं कुटं हायत तिच्यापाशी हात बसवायला."

मंगल हसली, आन् हसता हसता तिचं डोळं भरलं. मिरजंची गाडी त्या दिवशी गेली, दुसऱ्या दिवशी बी गेली. तिनं अमृतला फोन करून सांगिटलं की परीक्षा हुईपतूर मी हितंच हाय, तुजी भाकरी तू थाप. फुडचं फुडं, लेकीला इच्यारून. अमृत काय म्हनला ते कुनाला आईकाय आलं न्हाई, पन मंगल रेश्माला म्हनली, आगं, नुसतं हाय हाय करतोय.

आता घरात आसं चालतंय. बाटलीवरचा आन् सुईवरचा आकडा रेश्मा मोठ्यानं वाचती, दोनी जुळलं तर फुडं. औशीद मंगल वडती. आन् टोचायच्या आदी सुई सुलाबाईच्या हातात येती. ती आकडा बगत न्हाई, नळीत पावभर भरलंय का तेवडं उजेडाला धरून बगती. मेडिकलात गेली की आता कुकवाच्या रंगाची टोपी द्या म्हनती. दुकानदार हसतो, तर हसू दे.

ढेप आजून बी टोकरलेली दिसती. उंदीर आसंल, न्हाईतर घूस. त्याचा बी पत्त्या लागला न्हाई.

परवा सकाळच्या पारी ती शेरडं सोडाय भाईर आली तर रेश्मा अंगनात तोंड धूत हुती. माळाच्या पल्याड आबाळ उजळाय लागलं हुतं.

"रेश्मे, त्यो रंग कंचा गं? लाल का केशरी?"

रेश्मानं नीट बगितलं. "केशरी."

"मग तांबडं फुटलं का म्हनत्यात?"

पोरीनं लय इच्यार केला. पान्यानं भरलेला तांब्या तसाच हातात धरून हुबी ऱ्हायली. मग म्हनली, बाईंना इच्यारून सांगती.